आठ बायका, सहा हजार शर्ट

४ मार्च, सोमवार

मला दैनंदिनी लिहिण्याची हौस नाही. आज खरेदी समितीपुढे माझी फजिती झाली, म्हणून लिहिते आहे. सभापतींनी विचारलं, "शिवणकारखान्याचं दार बाहेरून कुलूपबंद होतं असं तुम्ही म्हणता. कोणत्या तारखेला पाहिलंत?" मी म्हणाले, "त्या दिवशी फार उकडत होतं." सगळी समिती हसली. इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाने तेही जसंच्या तसं उतरवून घेतलं. नगरपालिकेच्या भांडारात एकोणतीस वर्षं मी एकेका बटणाची नोंद ठेवली आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या कुलपाची तारीख मला सांगता येईना!

बाहेर आल्यावर वकील भाचीने कोरी वही हातात ठेवली. "मावशी, आजपासून रोज. काय पाहिलं, कोण काय म्हणालं. मतं कमी."

मतं कमी जमेल असं वाटत नाही.

विषय एकदा नीट नोंदवते. सफाई कामगार, अग्निशमन दल, दवाखान्यातले सेवक यांचे गणवेश नगरपालिका निविदा काढून घेते. ज्याचा दर सगळ्यात कमी, त्याला काम. आलेला माल तपासणं हे माझं काम होतं. इंचाला बारा टाके नसले की गठ्ठा परत. कंत्राटदार माझ्यामागे मला 'फूटपट्टी' म्हणत. ते मला कळायचं आणि, खरं लिहायचं तर, आवडायचं. शर्ट कोणी शिवला, हे मात्र मी कधीच विचारलं नाही. नोंदवहीत तो रकानाच नव्हता.

निवृत्तीनंतर शिंपीमास्तर भेटले. ते याच कंत्राटदाराकडे कापड बेतायचे, नजर कमी झाल्यावर घरी बसले. त्यांनी मला तो कारखाना दाखवला. बाहेरून कुलूप, आत चाळीस बायका, एक पंखा, आणि लघवीला जायचं तर वहीत सही. मी ज्यावर 'उत्तम' असा शिक्का मारत होते तो माल तिथला. जानेवारीत मी तक्रार केली. आता आमची मागणी सरळ आहे: कपडे कोणी, कुठे, कशा अवस्थेत शिवले हे जो दाखवणार नाही त्याच्याकडून नगरपालिकेने एक रुमालही घेऊ नये. तसा उपविधी करावा. मसुदा भाचीने लिहिला आहे, दहा कलमांचा.

५ मार्च, मंगळवार

जेवणाच्या टेबलावर मसुद्याचं वाचन. हजर: भाची, मास्तर, मी. हे वर्तमानपत्रामागे होते, त्यामुळे यांना अर्धे हजर धरते.

सातव्या कलमावर अडलो. 'कंत्राटदाराने घरोघरी शिवायला दिलेल्या कामालाही हे नियम लागू राहतील.' मी ते खोडलं.

"का पण, मावशी?"

"पुरावा नाही. शिवाय घरी बसून शिवणारी बाई आपल्या मर्जीची मालकीण असते. वाटलं तर शिवते, वाटलं तर झोपते. तिला कोण कोंडतंय?"

मास्तर नाक खाजवत म्हणाले, "बाई, घरचं काम मी पाहिलंय. ते इतकं साधं नसतं."

"तारीख सांगा."

वर्तमानपत्रामागून हे म्हणाले, "राहू दे की ते कलम. खातंय का तुझं काही?"

"तुम्हाला शिवणातलं काय कळतं?"

"काही नाही," हे म्हणाले, आणि पान उलटलं.

खालच्या मजल्यावर धाकटीचं शिवणयंत्र सकाळपासून चालू होतं. धाकटी म्हणजे माझी जाऊ. दीर गेल्यापासून ती खाली एकटी असते. दोन महिन्यांपासून तिला उशांचे अभ्रे शिवायचा नाद लागला आहे. एकट्या बाईला उशा लागतात किती? पण छंद आहे, असू दे. मी आजवर तिला छंद लावून घे म्हणून कमी का सांगितलं?

९ मार्च, शनिवार

यांच्या बोटांना तीन ठिकाणी चिकटपट्ट्या. विचारलं तर म्हणाले, "काटा लागला."

"कशाचा?"

"कुंडीतल्या झाडाचा."

आमच्याकडे कुंडी एकच, कोरफडीची. मी जाऊन पाहिली. काटे आहेत, हे मान्य करावं लागेल. पण कोरफडीत माणूस तीन बोटं कशाला घालेल? टपाल खात्यात चौतीस वर्षं पत्रं वाटून वेगळी करणारी ही बोटं, आता म्हातारपणी भरकटायला लागली. रोज दुपारी खाली धाकटीकडे चहाला जातात आणि दोन-दोन तास येत नाहीत. माझ्यापासून सुटका म्हणून जातात, हे मला न कळायला मी काही दुधखुळी नाही.

धाकटीला जिन्यात गाठलं. डोळे लाल. मी म्हटलं, "चष्म्याचा नंबर तपासून घे आणि जरा बाहेर पड. आमच्या मोहिमेत ये. नुसते अभ्रे शिवून दिवस जातो होय?"

"जातो, वहिनी," ती म्हणाली. "कसा जातो ते कळतही नाही."

तिच्या केसांत खाकी दोरा अडकला होता. मी काढून टाकला. खाकी अभ्रे! रंगाची जाण तिला कधीच नव्हती.

१४ मार्च, गुरुवार

समितीने कारखान्याला भेट दिली. मला बरोबर नेलं होतं.

दार सताड उघडं. आठ बायका, आठ यंत्रं, सहा पंखे. पिण्याचं पाणी. खिडकीत फुलझाडाची कुंडी, तिच्यावर रोपवाटिकेच्या किमतीची चिठ्ठी तशीच. भिंतीला रंगाचा वास येत होता. कंत्राटदार हात जोडून म्हणाला, "बाईंनी कान उपटले, आम्ही सुधारलो. बाई आम्हाला आईसारख्या."

मी म्हटलं, "मला मुलं नाहीत आणि असती तर तुमच्यासारखी नसती."

इतिवृत्तात हे आलेलं नाही.

एका शिवणाऱ्या बाईला विचारलं, त्रास काही? ती म्हणाली, "आता काहीच नाही." मी 'आता'वर बोट ठेवणार, तेवढ्यात सभापतींनी घड्याळ पाहिलं. गाडीत मला म्हणाले, "निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी छंद हवा, बाई. पण कारखाना चांगला चाललाय. आता उपविधीची घाई कशाला?"

घरी येऊन न जेवता बसले. हे ताट घेऊन आले. मी म्हटलं, "हरले मी." हे काहीतरी बोलायला तोंड उघडून थांबले, आणि "भाजी गार होईल" एवढंच म्हणाले.

१५ मार्च, शुक्रवार

पहाटे जाग आली ती गणिताने. यंत्रं आठ. चांगला हात असला तरी एका बाईचे दिवसाला दहा शर्ट. महिन्याचे होतात दोन हजारांच्या आसपास. आणि या महिन्याची मागणी सहा हजार शर्टांची आहे, ती तर मी कागदावर पाहिली आहे.

मग चार हजार शर्ट कोण शिवतंय? कुंडीतलं फुलझाड?

१६ मार्च, शनिवार

अग्निशमन दलात ओळख आहे. तिथून नव्या मालातला एक शर्ट तपासायला आणला. भिंग लावून बसले. शिलाई यंत्राची, पण काजं हाताने केलेली! कारखान्यात काजांचं यंत्र मी परवाच पाहिलं होतं. म्हणजे हा शर्ट तिथला नाही.

आणि काजं काय सुरेख! टाक्याला टाका लागून, टोकाला आडवी घट्ट वीण. अशी बाई मला भांडारात मिळाली असती तर मी तिला शिकवायला बसवलं असतं. उत्साहाच्या भरात शर्ट घेऊन खाली गेले आणि धाकटीला दाखवला. छंद म्हणून का होईना, शिवते आहे तर चांगलं काम कशाला म्हणतात ते कळावं.

"हे बघ. काज असं असतं. याला म्हणतात हात."

तिने शर्ट उलटापालटा केला. "हो का?"

"तुझ्या अभ्र्यांना असं जमणार नाही, पण प्रयत्न कर."

"करते, वहिनी."

शेजारी चहा पिणाऱ्या यांना ठसका लागला तो थांबेचना. मी पाठीवर थापटलं. वयाचं आहे.

२१ मार्च, गुरुवार

आजची नोंद सविस्तर आणि मन घट्ट करून लिहिते.

मास्तरांनी खबर आणली की कारखान्याच्या मागच्या दारातून एक पांढरी व्हॅन सकाळी गठ्ठे घेऊन निघते. साडेनऊला आम्ही समोरच्या किराणा दुकानाशी उभे. व्हॅन निघाली. मास्तरांनी स्कूटर काढली. त्यांची नजर कमी, त्यामुळे मागे बसून "उजवीकडे! अहो उजवीकडे!" असं ओरडायचं काम माझ्याकडे. भाचीची सूचना होती, पाठलाग गुपचूप करा.

पहिला थांबा बेकरीमागच्या गल्लीत. एक बाई बाहेर आली, तिने तयार शर्ट दिले, नवा गठ्ठा घेतला. मी वेळ लिहिली. दुसरा थांबा शाळेसमोर. तिसरा, चौथा. मी टिपत होते आणि माझ्या अंगात विशीतलं बळ आलं होतं. मग व्हॅन पुलाखालून वळली.

मास्तर म्हणाले, "बाई, हा तर तुमच्या घराकडचा रस्ता."

"रस्ते सगळ्यांचे असतात. चला."

व्हॅन आमच्या गल्लीत शिरली. मी मनात म्हटलं, पाहा, पापाची मजल कुठवर! आमच्या नाकासमोर! व्हॅन थांबली. आमच्याच दारात. दार उघडलं आणि गठ्ठा घ्यायला बाहेर आले ते हे. बनियनवर. कानाला खोचलेली सुई, सुईत खाकी दोरा.

व्हॅनवाला म्हणाला, "काका, मागच्यात दोन बटणं ढिली होती."

हे म्हणाले, "असं कसं होईल? पुन्हा होणार नाही."

चौतीस वर्षांच्या नोकरीत यांनी साहेबाला इतक्या अदबीने उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. मग यांची नजर स्कूटरवर गेली. गठ्ठा खांद्यावरच राहिला.

मास्तरांनी विचारलं, "बाई, ही वेळ लिहायची का?"

दहा वाजून बावन्न मिनिटं. लिहिली.

२२ मार्च, शुक्रवार

काल मी पुष्कळ बोलले. ते सगळं उतरवत नाही. धाकटी यंत्रापाशी बसून ऐकत होती आणि हात थांबवत नव्हती. शेवटी म्हणाली, "वहिनी, बोला तुम्ही. पण मला सकाळपर्यंत चाळीस द्यायचेत."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"काय सांगणार? जानेवारीत तुम्ही कारखान्याचं कुलूप काढायला लावलंत. त्यांनी बायका कमी केल्या आणि काम घरोघर वाटलं. दिवे आमचे, दोरा आमचा, यंत्र आमचं. डाग पडला तर शर्ट आमच्या माथी. मला हवंच होतं काम. तुमच्याकडून रोज डबा आणि उपदेश दोन्ही घ्यायचा मला कंटाळा आला होता."

"उपदेश मी चांगल्यासाठी—"

"डबाही चांगलाच असतो," ती म्हणाली.

हे म्हणाले, "अगं, एकटीला झेपत नव्हतं तिला. मी नुसती बटणं लावतो."

"आणि तुम्ही सातवं कलम खोडलंत तेव्हा मी खालीच होते," धाकटी म्हणाली. "तुमचा आवाज जिन्यातून सरळ येतो. वाटलं तर शिवते, वाटलं तर झोपते! गेल्या आठवड्यात मला कधी झोपावंसं वाटलं नाही असं नाही, वहिनी."

मी नुसती उभी राहिले, आणि हे दोघं त्याचीच वाट पाहत असावेत, कारण दोघांनीही माझ्याकडे जरा दयेने पाहिलं.

संध्याकाळी भाची आली. तिने सगळं ऐकून घेतलं. "मावशी, सातव्या कलमाला आता पुरावा आहे. धाकटी मावशी बोलल्या तर कलम उभं राहतं, पण त्यांचं काम त्याच दिवशी जाईल. नाही बोलल्या तर सभापतींकडे आठ बायका आणि सहा पंखे आहेतच. निर्णय त्यांचा. तुम्ही आग्रह करायचा नाही."

मी मान हलवली. मग खाली जाऊन आग्रह केला. 'चार हजार शर्टांचा प्रश्न आहे' वगैरे बोलले. ती म्हणाली, "तुम्हाला जिंकायचंय, वहिनी. मला भाजी आणायचीय." आणि दार लावून घेतलं.

खरं लिहायचं ठरवलं आहे तर लिहिते. दार लागेपर्यंत मी सभापतींचं तोंड कसं पडेल याचाच विचार करत होते.

२३ मार्च, शनिवार

खाली यंत्र बंद. दिवसभर.

मला त्या आवाजाचा त्रास व्हायचा असं वाटत होतं.

२५ मार्च, सोमवार

सकाळी नऊला धाकटी वर आली. खुर्ची ओढून बसली. "सातव्या कलमात काय होतं ते वाचून दाखवा."

वाचलं.

"एवढंच? आणि तपासायला कोण येणार, तुमच्यासारखं कोणी? पलंगाखाली वाकून बघणारं?"

"मी पलंगाखाली कधी—"

"दिवाणखान्यात माझ्या कपाटावरची धूळ बोटाने कोणी पाहिली?"

हे वर्तमानपत्रामागे गेले.

"घरात निरीक्षक नको," धाकटी म्हणाली. "लिहा. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर चिठ्ठी, त्यावर शिवणारीचं नाव आणि मोबदला. मोबदला कारखान्यातल्या बाईइतकाच. दोरा त्यांचा. रात्रीतून माल मागायचा नाही. आणि जी बोलेल तिचं काम काढून घेतलं तर त्या कंत्राटदाराकडून पालिकेने माल घ्यायचा नाही."

मी लिहून घेत होते. मला कोणी मजकूर सांगून लिहून घ्यायला लावल्याला तीस वर्षं झाली असतील. फोनवर भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "शेवटचं वाक्य माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"म्हणजे तू बोलणार?" मी विचारलं.

"शनिवारी इतर घरांमध्ये जाऊन आले. बेकरीमागची, शाळेसमोरची. त्या म्हणतात, तू नाव सांग, आम्ही नाव न सांगता चिठ्ठ्या देऊ. कोणीतरी एक उघडी हवी ना." मग उठली. "पण हातात साठ शर्ट आहेत. ते पूर्ण करून देणार. मी काम अर्धवट टाकलं असं त्याला म्हणायला मिळता कामा नये."

२७ मार्च, बुधवार

साठ शर्ट, प्रत्येकी सात बटणं. मीही खाली बसले. यांनी मला दोऱ्याला गाठ कशी मारायची ते शिकवलं! मी भिंतीकडे तोंड करून शिकून घेतलं.

चौदा बटणं लावून दोन शर्ट धाकटीपुढे ठेवले. तिने एकेक ओढून पाहिलं. "ही पाच काढा, वहिनी. पुन्हा लावा."

"काय वाईट आहे त्यांत?"

"भांडारात तुम्ही असतात तर घेतली असतीत?"

नसती घेतली. काढली. हे दोऱ्याचं रीळ शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली गेले आणि बराच वेळ तिथेच हसत राहिले.

बोटांना चार ठिकाणी टोचलं. भाजीवाल्याने विचारलं, तर मी सांगितलं, कोरफड.

३० मार्च, शनिवार

साठही शर्ट व्हॅनमध्ये चढवले. एकही परत आला नाही. धाकटीने व्हॅनवाल्याला सरळ सांगितलं, "मंगळवारी मी समितीपुढे बोलणार आहे. तुझ्या मालकाला सांग, मागाहून कळण्यापेक्षा."

तो ओशाळला. "मावशी, मग सोमवारचा गठ्ठा नाही आणता यायचा."

"माहीत आहे."

व्हॅन गेल्यावर ती पायरीवर बसली. हात रिकामे असले की तिला ते कुठे ठेवायचे हेच कळत नाही. मीही शेजारी बसले. उपदेश सुचत होता. केला नाही.

२ एप्रिल, मंगळवार

सभापतींनी विचारलं, "एका माणसाला दिवसात किती शर्ट जमतात?" धाकटी म्हणाली, "साहेब, कोणत्या दिवशी? डोळे धडधाकट असतात त्या दिवशी की सकाळी गाडी येणार असते त्या दिवशी?" या वेळी समिती हसली नाही. सभापतींनी घड्याळ पाहिलं नाही. पुढची पंधरा मिनिटं तीच बोलली. मी एकदा तोंड उघडलं, तर भाचीने टेबलाखालून पाय दाबला.

उपविधी सातव्या कलमासह सर्वसाधारण सभेपुढे मतदानाला जाईल. निकाल काय लागेल, मला माहीत नाही. सोमवारी गठ्ठा आला नाही, एवढं माहीत आहे.

समितीच्या कारकुनाकडे आज सुपूर्द केलं ते असं:

उपविधीचा मसुदा, कलमं दहा, सातवं नव्याने लिहिलेलं. प्रती पाच.

अग्निशमन दलाचा नमुना शर्ट एक, हातकाजांचा.

व्हॅनच्या थांब्यांची वेळवार यादी, पत्ते वगळून. पान एक. शेवटची वेळ दहा बावन्न.

शिवणाऱ्या चार बायकांच्या चिठ्ठ्या, बिननावाच्या, पाकिटं बंद.

धाकटीच्या भिंतीवरचं कॅलेंडर, जानेवारी ते मार्च. दर चौकटीत पेन्सिलीने गठ्ठा कधी आला, कधी गेला, डोळे किती दुखले. तिने जवळजवळ तीन महिने रोज तारीखवार लिहिलं होतं, कोणी सांगितलं नसताना.

पोचपावतीवर 'देणाऱ्याचं नाव' असा रकाना होता. सवयीने मी पेन उचललं. धाकटीने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट, सावकाश, सुवाच्य अक्षरात. खाली साक्षीदाराची जागा होती. तिथे मी सही केली.